चंद्रीचं दूध

सदाशिव पेठ, पुणे
२१ जून १९७७

ती. प्रेमलाअक्कांना विजयमालेचा नमस्कार.

सिराजभाई मंडईला जाता जाता टेम्पो थांबवून दुधाची किटली देऊन गेले. झाकणाच्या कडीला बांधलेली तुमची चिठ्ठी मिळाली. ‘भाऊजींचं खरं खरं लिही, गोड गोड नको,’ असं बजावलंत म्हणून खरं लिहिते. आत्याबाईंना वाचून दाखवाल तेव्हा त्या आईच्या जिवाला सोसेल तेवढंच वाचा.

यांची पाठ पुन्हा गेली. फेब्रुवारीत मणक्याचा टीबी म्हणाले आणि नव्वद इंजेक्शनं दिली, तेव्हा ताप पळाला होता. हे पाटबंधारे खात्यात जाऊन पुन्हा उभ्याने नकाशे काढायला लागले होते. मला वाटलं, सुटलो. मेमध्ये इंजेक्शनं संपली आणि पंधरा दिवसांत संध्याकाळचा ताप परत आला. घाम असा की उशी पिळावी. टीबीच्या गोळ्या चालूच आहेत, पण गोळ्यांना कुणी ते सांगितलेलं दिसत नाही.

परवा जिना चढताना डाव्या पायातली चप्पल खालीच राहिली आणि हे तसेच चार पायऱ्या वर आले. त्यांना कळलंच नाही. मी मागून चप्पल घेऊन चढले. अक्का, मला फार भीती वाटते आहे. चौतिसाव्या वर्षी माणसाचे पाय जाऊ शकतात का?

सोमवारी इस्पितळात भरती करायचं ठरलं आहे. आत्याबाईंना सांगा, दूध त्या म्हणतात तसंच देते, न तापवता, खडीसाखर घालून. सकाळचा पेला तेवढा हे आनंदाने घेतात. बाकी अन्नावरची वासनाच उडाली आहे.

तुमची,
विजू

मांजरी
२३ जून १९७७

चि. सौ. विजूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम सुचेना. आत्याबाईंना चपलेचं वाचून दाखवलं नाही. ताप आहे एवढंच सांगितलं. त्यांनी लगेच पदर खोचला आणि गोठ्यात गेल्या. गुडघे धरलेत, पण चंद्रीची धार दुसऱ्या कुणाला काढू देत नाहीत. म्हणतात, “देशी गाईचं दूध हाय. सुनंच्या म्हायेरची गाय हाय. तिच्या दुधानं नाय उतार पडायचा तर कशानं पडंल?” तुझ्या वडलांनी लग्नात आंदण दिलेली गाय, तिचा मान मोठा. आटत आली आहे, एका वेळेला शेरभर देते. तो शेरभर सगळा जयसिंग भाऊजींचा. आमच्या चहाला ढवळीचं.

मी दुधातून पत्रं पाठवते म्हणून इथे सगळे हसतात. पोस्टमनला महिन्याला एकदा बघायचं आणि सिराजभाईंना रोज, मग आपला कोण? सोमवारपासून ते किटली थेट इस्पितळाच्या फाटकावर देतील, मी सांगितलं आहे.

इकडे ह्यांच्याही अंगात कसर असते. दिवसभर उसात राबतात आणि रात्री घामाने ओले. सांधे दुखतात म्हणतात. मी म्हटलं, धाकट्याला ताप आला म्हणून थोरल्यानेही घ्यायलाच पाहिजे का? तू त्यांची काळजी करू नकोस, गडी दणकट आहे.

धीर धर. देव एवढा वाईट नाही.

तुझी,
प्रेमलाअक्का

इस्पितळ, पुणे
४ जुलै १९७७

ती. अक्कांना नमस्कार.

देवाचं मला माहीत नाही, पण दिवस वाईट आहेत. यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली बधिर झाले आहेत. काल नर्सने तळव्यावर टाचणी टोचली आणि हे छताकडे बघत म्हणाले, “कधी टोचणार?” लघवीलाही नळी घातली आहे. मोठ्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. कमरेच्या वरचे दोन मणके एकमेकांकडच्या बाजूने उंदराने कुरतडल्यासारखे खाल्लेत आणि मागे पू साठून मज्जारज्जू दाबला गेला आहे. नऊ तारखेला कुशीतून उघडणार, पू काढणार, सडलेलं हाड खरवडणार आणि कमरेच्या हाडाचा तुकडा तिथे बसवणार. पाय परत येतील का, असं विचारलं. म्हणाले, “आधी उशीर तर थांबवू.”

त्यांच्या हाताखाली बिलकिस नावाची एक तरुण डॉक्टरीण आहे. तिला हे टीबीसारखं वाटत नाही म्हणे. काल व्हरांड्यात मला गाठून विचारायला लागली, “घरी जनावरं आहेत? दूध तापवून देता ना? वर्षभरात एखादी गाय गाभडली होती का?” नवरा मरणाच्या दारात आणि ही गाईंची बाळंतपणं विचारते. मी म्हटलं, “आमच्या गाई धडधाकट आहेत, गाभडली वगैरे कुणी नाही.” तिने परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. नारायण पेठेतल्या छापखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, मला काय ही उलटतपासणी घेणार?

अक्का, सहीसाठी कागद पुढे केला होता. त्यावर छापलेलं वाचून मी सही केली, पण काय वाचलं ते आता एक अक्षर आठवत नाही.

विजू

मांजरी
५ जुलै १९७७

चि. विजूस आशीर्वाद.

पत्र पोचलं. आत्याबाईंनी देव पाण्यात ठेवले आहेत. आजपासून दोन शेर दूध पाठवते आहे, चंद्रीचं कमी पडेल ते ढवळीचं घातलं आहे. ऑपरेशनच्या आधी अंगात ताकद पाहिजे, असं आत्याबाईंचं म्हणणं.

ती डॉक्टरीण असं का विचारते? गाईचा आणि माणसाच्या पाठीचा काय संबंध? शिकाऊ असतील, पुस्तकातलं एकेक विचारून बघत असतील. तू मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या गोठ्याचं सगळं ठीक आहे.

आज जास्त लिहीत नाही, वैरण टाकायची आहे. नऊ तारखेला हे येतील. ताप असला तरी येतील.

प्रेमला

इस्पितळ, पुणे
२६ जुलै १९७७

ती. अक्का,

सतरा दिवस झाले. तुमच्या तीन चिठ्ठ्या आल्या आणि मी एकीलाही उत्तर दिलं नाही. लिहायला बसले की रडू येतं, आणि या वॉर्डात रडायला जागा नाही.

ऑपरेशन पाच तास चाललं. वाटीभर पू निघाला, म्हणाले. हाडाचा तुकडा बसवला. पहिले चार दिवस वेदना कमी होत्या, तेव्हा मांजरीहून आलेल्या थोरल्या दादांना मी म्हटलंही होतं की आता सुधारेल. पाचव्या दिवशी ताप चढला तो उतरलेला नाही. कुशीतली जखम मिटत नाही, रोज ओली होते. पाय तसेच आहेत, दोन ओंडके ठेवल्यासारखे. मी त्यांना तेल लावते तेव्हा हे तोंड फिरवतात.

पुवात टीबी सापडला नाही. दुसराही कोणता जंतू उगवला नाही. मोठे डॉक्टर काल माझ्याशी खुर्ची ओढून बसून बोलले, तेव्हाच माझा जीव गेला. म्हणाले, आतलं हाड पुन्हा सडायला लागलं आहे, पुन्हा उघडावं लागेल. “पण बाई, नुसतं उघडून भागत नाही. शत्रू कोण ते कळलं नाही तर मी कितीदा साफ करणार? तिसऱ्यांदा उघडण्याइतकं अंगात काही उरणार नाही.” आठ दिवस वाट बघू म्हणाले. मग जे व्हायचं ते होईल.

आठ दिवस, अक्का. त्यातला एक गेला.

बिलकिसबाईंनी आज पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी चिडून म्हटलं, किती वेळा सांगू? त्या निघून गेल्या.

हे रात्री काय म्हणाले सांगू? म्हणाले, “विजू, आपल्याला मूल झालं नाही ते बरंच झालं.” श्रावण आला की मला गेल्या वर्षीचं सगळं आठवतं, आणि यांनी असं म्हणावं. मी दुधाचा पेला पुढे केला. अर्धा प्यायले.

विजू

मांजरी
२७ जुलै १९७७

विजू,

हे पत्र आत्याबाईंना न सांगता लिहिते आहे. सिराजभाईंना म्हटलं आहे, किटली मागाहून द्या, आधी चिठ्ठी विजूच्या हातात द्या. वाचलीस की त्या डॉक्टरीणबाईंकडे पळत जा. मला शिव्या नंतर दे.

चंद्री गाभडली होती. गेल्या श्रावणात. गुरुवारी तुझं पोट पडलं आणि तू हडपसरच्या दवाखान्यात होतीस. रविवारी जयसिंग भाऊजी तुझी लुगडी न्यायला घरी आले तेव्हा चंद्रीने सातव्या महिन्यात टाकलं. वासरू मेलेलं होतं. वार पडेना, ढोरांचा डॉक्टर सापडेना. भाऊजींनी बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला आणि वार काढली. बोटाला विळ्याची चीर होती, मी म्हटलं फडकं बांधा, तर म्हणाले, आधी गाय वाचू दे. गाय वाचली. तिला खाली बसून त्यांनी थोपटलं आणि मग गोठ्यातच रडले. तुझ्यासमोर रडता येत नव्हतं ना.

त्याच संध्याकाळी आत्याबाईंनी आम्हा तिघांना शपथ घातली. म्हणाल्या, “पोरीची कूस रिकामी झाली. तिच्याच म्हायेरच्या गाईनंबी टाकलं हे तिच्या कानावर गेलं तर पोर स्वतःला पांढऱ्या पायाची म्हणंल. ह्या घरात ही गोष्ट कुणी काढायची न्हाई.” त्यांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही वाटत नाही बघ. म्हणून तर जिभेवर दगड ठेवला. पौषात ढवळीनेही टाकलं. तेही गिळलं.

तुझं चार तारखेचं पत्र वाचलं तेव्हा चंद्रीच डोळ्यांपुढे आली होती. तरी ‘सगळं ठीक आहे’ लिहिलं. मनाला म्हटलं, गाईचा आणि पाठीचा काय संबंध. संबंध असेल या भीतीनेच तसं म्हटलं असणार. वर दोन शेर दूध पाठवलं.

ह्यांचाही ताप त्यांना सांग. तसाच घाम, तसेच सांधे.

भाऊजी उभे राहिले नाहीत तर मला तुझ्या दारात उभी करू नकोस.

प्रेमला

सदाशिव पेठ, पुणे
२ ऑगस्ट १९७७

सौ. प्रेमलाअक्का यांस,

हे पत्र पोस्टाने पाठवते आहे. किटली माझ्या घरात नको होती, सिराजभाईंबरोबर दूध ओतून परत केली. यापुढे पाठवू नये.

तुमची चिठ्ठी घेऊन गेले तेव्हा बिलकिसबाईंनी ती उभ्या उभ्या वाचली, दोनदा वाचली, आणि मला न रागावता रक्त काढायला गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जनावरांचे रोग तपासतात त्या प्रयोगशाळेत रक्त पाठवलं. काल उत्तर आलं. ब्रुसेला नावाचा जंतू आहे. गाभडलेल्या गाईच्या वारेत असतो, कच्च्या दुधात असतो. माणसाच्या रक्तातून जाऊन मणक्यात बसतो, आणि टीबीचा वेष घेतो. असा मणका इथे क्वचितच बघायला मिळतो म्हणे. आम्हाला तोही मान मिळाला. ती नव्वद इंजेक्शनं त्यालाही थोडी लागू पडतात, म्हणून हे तेव्हा उठले होते. ती थांबली, त्याने पुन्हा डोकं वर काढलं, आणि आम्ही रोज सकाळी खडीसाखर घालून त्याला खाऊ घालत होतो.

येत्या पाच तारखेला पुन्हा उघडणार. आता औषध माहीत आहे. इंजेक्शनं आणि कॅप्सूल सुरू केल्या. पाय येतील का, याला उत्तर नाही. महिनाभर मज्जारज्जू दाबलेला आहे. पाच जुलैला कळलं असतं तर, असं मी विचारलं. मोठे डॉक्टर म्हणाले, “तर पहिल्याच वेळी झालं असतं.”

यांना विचारलं, तुम्ही तरी का नाही बोललात? म्हणाले, “गाईचं मला कुणी विचारलंच नाही. आणि तुला कसं सांगणार होतो?”

माझी कीव करायला घरातली चार माणसं एकत्र आली आणि त्यात यांचे पाय गेले. मला पांढऱ्या पायाची म्हणवून घेणं परवडलं असतं, अक्का. हजारदा परवडलं असतं.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे, नाहीतर हे पत्र खोटं होईल. त्या दिवशी बिलकिसबाईंनी तीन प्रश्न विचारले होते. ‘दूध तापवून देता ना’ याला मी ‘हो’ म्हटलं होतं. सदाशिव पेठेत राहते, छापखान्यात नोकरी करते आणि नवऱ्याला कच्चं दूध पाजते, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? लाज वाटली. खरं सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी रक्त पाठवलं असतं, असं त्या म्हणाल्या. म्हणजे तुम्ही ‘सगळं ठीक आहे’ लिहायच्या दोन दिवस आधीच मी हे करून बसले होते.

दादांना रक्त तपासायला ताबडतोब पाठवा. सगळेजण दूध उकळून प्या.

विजयमाला

मांजरी
२० ऑगस्ट १९७७

चि. विजूस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण तो तुझ्यावर आहेच.

ह्यांच्या रक्तातही तेच निघालं. औषध चालू आहे, पाठ शाबूत आहे. ह्यांच्याकडून कळलं, भाऊजींचा ताप उतरला. पायाचं हे काही बोलले नाहीत, मी विचारलं नाही.

आत्याबाईंना मी सांगितलं. तुझं पत्र शब्दन् शब्द वाचलं, माझंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हंजी धार म्याच काढत हुते.” मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत? त्या म्हणाल्या, “माहीत नसंल. हात तर माझाच हुता.” त्या दिवसापासून गोठ्यात पाऊल टाकलं नाही. चंद्री त्यांना बघून हंबरते तर कानांवर पदर घेतात. ढोरांचे डॉक्टर आले होते. चंद्री आणि ढवळी वेगळ्या बांधल्या आहेत, पुढचं ते सांगतील.

काल आत्याबाईंनी किटली राखेने घासली. एकदा, दोनदा, तीनदा. मग तिच्यात आधणाचं पाणी ओतलं, उन्हात पालथी घातली आणि मला म्हणाल्या, “रिकामीच दे धाडून. तिला म्हणावं, ठेव न्हाईतर टाकून दे.” म्हणून पाठवते आहे. आत फक्त ही चिठ्ठी आहे.

त्यांना भाऊजींना बघायचं आहे. तू ये म्हणशील तरच आणू. नाही म्हणालीस तर मी त्यांना काहीतरी सांगेन. नाही, आता काहीतरी सांगणार नाही. तू नाही म्हणालीस असंच सांगेन.

प्रेमला

इस्पितळ, पुणे
११ सप्टेंबर १९७७

ती. प्रेमलाअक्कांना नमस्कार.

दादा आणि आत्याबाई काल येऊन गेले, ते सांगतीलच. गोठा सोडून तुम्हाला निघता आलं नाही म्हणून मी लिहिते.

जखम मिटली आहे. उजव्या पायाचा अंगठा हलतो, मागच्या मंगळवारपासून गुडघाही उचलला जातो. डावा पाय अजून काही ऐकत नाही. ऐकेलच असं कुणी म्हणत नाही. मोठे डॉक्टर म्हणतात, कुबडीवर चालतील, उभ्याने नकाशे काढणं विसरा. यांनी विचारलं, “बसून काढलेले नकाशे सरकारला चालतात का?” बऱ्याच दिवसांनी वॉर्डात कुणी हसलं. मग मी मोरीत जाऊन पोटभर रडले. एक पाय गेला म्हणून, की एक आला म्हणून, ते मलाही कळलं नाही.

आत्याबाई आल्या तेव्हा मी दूध घेऊन बसले होते. दूध केंद्रावरच्या बाटलीतलं, स्टोव्हवर तीन उकळ्या काढलेलं, तुमच्या त्या किटलीत आणलेलं. टाकून देणं मला जमलं नाही. पेला भरला आणि यांच्या हातात देणार तोच आत्याबाई म्हणाल्या, “थांब.” माझ्या हातातून पेला घेतला आणि स्वतः दोन घोट प्यायल्या. मग पेला मांडीवर धरून बसून राहिल्या. कशाची वाट बघत होत्या, देव जाणे. आपल्याला काही होतं का ते बघत असाव्यात. हे म्हणाले, “आई, गार होतंय.” तेव्हा कुठे त्यांनी पेला यांच्या ओठाला लावला, लहान मुलाला पाजतात तसा, आणि संपेपर्यंत सोडला नाही.

मला बोलायचं होतं, अक्का. फार दिवस साठवून ठेवलं होतं. महिनाभर मी मनात त्यांच्याशी भांडत होते. आणि एक गोष्ट तर तोंडावर फेकायचीच असं ठरवलं होतं. ती तुम्हालाही माहीत नाही. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला दिवस राहिले तेव्हा आत्याबाईंनी मला मांजरीला आणून ठेवलं होतं, आठवतं? रोज पहाटे स्वतः चंद्रीची धार काढून, फेसासकट पेला माझ्या उशाशी आणायच्या. “बाळ गोरंगोमटं हुईल,” म्हणायच्या. मी बिलकिसबाईंना विचारलं, त्या दुधाने माझं मूल गेलं असेल का? त्यांनी बराच वेळ माझा हात धरून ठेवला. म्हणाल्या, “असू शकेल. आता नक्की सांगता येणार नाही.” माझं रक्त तपासलं. माझ्यातही होतं. मलाही कॅप्सूल चालू आहेत, काळजी नसावी.

जाताना आत्याबाईंनी मला जिन्यापाशी बाजूला घेतलं. माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्या अडाणी आहेत पण खुळ्या नाहीत. म्हणाल्या, “विजे, तुझं रगत तपासलं का गं? तुझ्यात तर काई न्हवतं ना? खरं सांग.”

मी म्हटलं, “नाही, आत्याबाई. काही नव्हतं.”

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली आणि दादांचा हात धरून एकेक पायरी उतरून गेल्या. मी वर उभी होते. तुमचं पाच जुलैचं ते ‘सगळं ठीक आहे’चं पत्र मी शंभरदा वाचलं आहे आणि शंभरदा तुम्हाला माफ न करायचं ठरवलं आहे. काल जिन्यापाशी मला ते पहिल्यांदा वाचता आलं.

कॅप्सूलचं दादांनाही बोलू नका. चूल पेटलेली असेल तर हे पत्र आधी तिच्यात घाला, आणि मग वर दूध ठेवा.

तुमची,
विजू